जंतूची दुसरी जात

गुप्तरोगाच्या दवाखान्यात खिडकीपुढच्या रांगेत शिवणक्लासच्या बाई हातातल्या चिठ्ठीच्या घड्या घालत होत्या, मोडत होत्या. त्यांच्या पुढचं जोडपं रिपोर्ट घेऊन कुजबुजत होतं.

“हा जंतू तुझ्याकडूनच आला मला.”

“चोराच्या उलट्या बोंबा! अहो, रोगाच्या सरकारी पाहणीसाठी जंतूची जातही तपासलीय त्यांनी. माझ्यात एकच जात निघाली.”

“आणि माझ्यात?”

“दोन. एक माझ्यातलीच.”

“मशीन चुकलं असेल.”

“दोनदा तपासलंय. दुसरी कुठून आणलीत, तेवढं सांगा.”

नवऱ्याने रिपोर्ट घडी करून खिशात कोंबला.

रांग पुढे सरकली. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी घरी फोन लावला.

“अहो, असाल तसे इकडे या. मी एकटी तपासून घेणार नाही.”