सात नंबरचा प्लॉट

एनेलेसी : नाही म्हणजे नाही. तुझा तो सात नंबरचा प्लॉट दुसऱ्या कुणाला दे.

झिओने : गोगो, असा कसा देऊ? चाळीस घरांपैकी एकोणचाळिसांनी अंगठे दिलेत. तुमच्या एकटीचा राहिलाय. उद्या फाइल वर जायची आहे.

(ब्लँटायरमधली डोंगरउतारावरची एक वस्ती. दुपार. म्हाताऱ्या एनेलेसीच्या, वस्तीच्या 'गोगो'च्या म्हणजे आजीच्या, ओट्यावर महापालिकेची नगररचनाकार झिओने कचाले नकाशा पसरून बसली आहे; वस्ती खालच्या माळावर हलवायची आहे, तिथल्या नव्या प्लॉटचा. मोजणीदार लॅमेक पायरीवर टेकला आहे.)

लॅमेक : पाचवी खेप आहे मॅडम. आता माझे बूट एकटेसुद्धा येतील इथं.

एनेलेसी : मग बस की. मक्याचा थोब्वा पी. सकाळीच केलाय, आंबला नाही अजून.

झिओने : गोगो, मागच्या पावसात वरच्या तीन घरांवर डोंगर आला. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

एनेलेसी : पाहिलं? या हातांनी उकरलं बाई. नाबांडाच्या दोन्ही लेकींना मीच आंघोळ घातली, शेवटची. मला नको सांगू.

झिओने : आणि तरी हा हट्ट?

एनेलेसी : तू किती शिकलीस गं?

झिओने : हे काय मध्येच?

एनेलेसी : विचारतेय.

झिओने : चार वर्षं इथं, दोन वर्षं परदेशात. मग नगररचनाकारांच्या मंडळाची परीक्षा. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा सुटले. तेव्हा कुठं शिक्का हातात आला.

एनेलेसी : त्या शिक्क्यानं काय होतं?

झिओने : नकाशावर तो उमटला की जागा राहण्यालायक आहे असं सगळे धरून चालतात. पुढं काही वाकडं झालं तर जाब मला विचारायचा.

एनेलेसी : एवढं शिकलीस आणि लोकांना नदीत घर बांधायला लावतेस?

झिओने : कुठली नदी? ते सपाट माळरान आहे. बकऱ्या चरतात तिथं.

एनेलेसी : आता चरतात. माझी आई तिथं कपडे धुवायची. मी थोरलीला पाठीशी बांधून पाणी भरायचे. मग वीटभट्टीवाला आला, वर बांध घातला आणि पाणी पलीकडं वळवलं. भट्टी बुडाली, तो गेला. बांध आहे तिथंच. मातीचा.

झिओने : जुन्या नकाशात असं काही...

लॅमेक : जुने नकाशे आपल्याला मिळालेच कुठं? कपाटाला वाळवी लागली म्हणाले ना दप्तरखान्यातले.

झिओने : लॅमेक, खुंट्या तू ठोकल्यास. खाली काय लागलं?

लॅमेक : माती. दुसरं काय लागणार?

झिओने : नीट सांग.

लॅमेक : वाळू लागली. हातभर खाली. आणि गोटे, गोल गुळगुळीत.

झिओने : मला का नाही सांगितलंस?

लॅमेक : केव्हा सांगू? तुम्ही मंजुरीसाठी तिसऱ्यांदा राजधानीला गेला होतात. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा पाहूनच तोंड मिटलं मी. आणि मॅडम, तो बांध तीस वर्षं टिकलाय. अजून तीस टिकेल.

एनेलेसी : हा डोंगर तर माझ्या आजीच्याही आधीपासून टिकला होता.

झिओने : गोगो, हे पाच खेपांत एकदाही का नाही बोललात?

एनेलेसी : तू विचारलंस कधी? येशील तेव्हा अंगठा मागायचीस. मी नाही म्हटलं की कागद गुंडाळून निघायचीस. बाकीची माणसं नंतर आली राहायला. त्यांना काय ठाऊक?

झिओने : खरंय. नाही विचारलं.

लॅमेक : मॅडम, आता फाइल अडवलीत तर मंजूर झालेला पैसा दुसऱ्या शहराला जाईल. लोक म्हणतील, हिनंच आमचं वाटोळं केलं.

झिओने : दोन वर्षं उंबरठे झिजवले रे या कागदासाठी. आई दवाखान्यात होती, तेव्हाही मी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलेली. खरं सांगू? गोगो आज गप्प राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटतंय मला.

लॅमेक : मग ऐकलंच नाही असं समजा. मीही नाही ऐकलं.

झिओने : ऐकलंय लॅमेक. दोघांनीही.

लॅमेक : मग आता काय करायचं?

झिओने : पेन दे. नाही, लाल दे.

लॅमेक : सगळ्याच प्लॉटवर काट?

झिओने : सगळ्याच. नवी जागा शोधू. यंदा अगदी वरची बारा घरं पावसापुरती शाळेत हलवायची. मुख्याध्यापकांचे पाय धरीन मी.

लॅमेक : ते जरा तिरसट आहेत. पण बायको माझ्या चर्चमधली आहे, बघतो. आणि उद्या सकाळी दोन खड्डे खणून वाळूचे फोटो काढतो. नुसत्या तोंडी शब्दावर साहेब तुम्हाला उभं करायचे नाहीत.

एनेलेसी : लोकांना कोण सांगणार?

झिओने : मीच. आताच जाते. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

एनेलेसी : नाबांडाकडं आधी जा. नव्या घराच्या खिडक्यासुद्धा आणून ठेवल्यात त्यानं.

झिओने : हो. ठाऊक आहे.

एनेलेसी : शिव्या देईल तो.

झिओने : देऊ दे.

एनेलेसी : थांब, चादर घेते खांद्यावर. सावकाश चल हं, उतारावर माझे गुडघे धरतात.