न सांगायची विनंती

अलाबामातल्या त्या लहानशा गावात, किराणा दुकानाच्या रांगेत ओडेसा उभी होती. पुढे चर्चमधल्याच दोघी, व्हर्लीन आणि मेबल.

“मेबल, कोरियाची कंपनी येतेय म्हणे, कारखाना काढायला!”

“हळू गं! गुपित आहे ते. महापौरांनी बायकोलासुद्धा शपथ घातलीय.”

“तिनेच तर बुधवारच्या प्रार्थनेत, देवाकडे कुणाला काय मागायचंय ते पास्टरांनी विचारलं तेव्हा, हात वर केला. ‘माझी एक विनंती आहे, पण ती सांगायची नाही,’ म्हणाली.”

“मग?”

“मग काय! पास्टरांनी सूरच लावला, ‘प्रभू, कोरियाच्या पाहुण्यांना आमची जुनी गिरणी पसंत पडू दे!’ सगळं चर्च डोलत उभं राहिलं.”

“अगं बाई! आणि तू?”

“मी तर रडलेच. कारखाना आला तर माझा कर्टिस टेक्सास सोडून घरी येईल गं. नातवंडं फोनवरच मोठी होतायत.”

ओडेसाच्या मागून कुणी खाकरलं. कोट घातलेला एक कोरियन पाहुणा होता.

“माफ करा बाई, रविवारी चर्च किती वाजता असतं? बायकोला कळवायचंय. ती छान गाते.”

“अकराला,” ओडेसा म्हणाली. “म्हणजे तुम्ही इथे राहायलाच येताय?”

“ते सांगता येत नाही,” पाहुणा हसला. “माझीही न सांगायची विनंती समजा.”

रांगेत पहिलं ‘आमेन’ ओडेसाच्याच तोंडून निघालं, तेही सुरात.