वेळावदरची काळविटं

थांब पोरी, फोटोतल्या जागंचं नाव सांगू नको — कॅमेरा जरा सावलीत धर, उन्हानं काच चकाकती — हां. मोहाची झाडं, पल्याड तळं, रस्त्याच्या कडंला जुना दगडी खांब... ताडोबा. बरोबर ना? अगं, तीस वर्षं ह्याच कोल्हारात भूगोल शिकवला मी, पन जंगलात पाय न्हाई ठेवला कधी. फोटोवरनंच वळखतो, कुठलं बी नॅशनल पार्क दाव. कुनी शिकवलं म्हनतीस? पोरानं. अँड्र्यूनं. त्याला मास्तर करायचा हुता मला — डी.एड.ला घातला, तर पठ्ठ्या अर्ध्यातनं पळाला अन् सफारीची जिप्सी चालवाया लागला. तवा म्हनलो, परत माझ्या दारात पाय ठेवू नको. रागात निघतं बापाच्या तोंडून. त्यानं ते खरंच धरलं.

बोलनं बंद. फोन लावला की कट. पन महिन्याला मोबाईलवर एक फोटो यायचा — नाव न्हाई, गाव न्हाई, नुसतं जंगल. मी वळखून नाव धाडायचो, की तिकडनं अंगठा यायचा. म्हंजी पोरगं खुशाल हाय. सात वर्षं आमचं बापलेकाचं बोलनं ते तेवढंच. कान्हा, पेंच, बांदीपूर — एकदा चुकलो न्हाई. माझी बायको, दीना, म्हनायची, नावं कसली धाडता, त्याला ये म्हना की. मी म्हनायचो, आदी त्यानं म्हनावं.

नाताळाच्या तोंडावर दीनानं अंथरूण धरलं. शेजारच्या एस्तेरनं त्याला कळवलं — मी न्हाई. तिसऱ्या दिशी हा फोटो आला, बघ. गवत अन् काळविटं. त्यात इचार काय करायचा — काळविटांचं नॅशनल पार्क म्हंजी वेळावदर, गुजरात. धाडलं लिहून. त्यानं बघितलं, खुना निळ्या झाल्या, पन अंगठा न्हाई आला. त्याच आठवड्यात दीना गेली. ह्याचा फोन बंद. लोक इचारायचे, पोरगं मातीला न्हाई आलं? मी सांगायचो, गुजरातेत हाय, लांब हाय, कसं येनार. माझ्या मनाला बी तेच सांगत आलोय — आई नको हुती म्हून न्हाई, लांब हुता म्हून न्हाई आला. तेवढ्यावर झोप लागती गं मला.

अशी काय बघतीस? कर की मोठा करून... कुठलं म्हनलीस? छ्या. रेहेकुरी आपल्याच जिल्ह्यातली, कर्जतातली, ते नॅशनल पार्क न्हाई, नुसतं अभयारन्य हाय. तो तसले फोटो धाडत न्हाई, कधीच न्हाई — काल जाऊन आलीस म्हंजी? दाव तुझा फोटो. ही टेकडी... हे हिवराचं झाड, वाकडं... तेच की.

तीन तासांवर हुता तो. आईच्या दुखन्याचं ऐकून एवढ्या जवळ आला, अन् माझ्या एका ‘ये’साठी थांबला. अन् मी त्याला लिहिलं, गुजरात. त्याला वाटलं असंल, बाप मुद्दाम लांबचं नाव धाडतोय, येऊ नको म्हनतोय —

मोबाईल दे हिकडं. न्हाई, काय झालं न्हाई. जा तू. जा म्हनतो ना, पोरी.