लख्ख घासलेले दगड

आई : ...म्हटलं, उद्या पोरीची तोंडी परीक्षा, पेटी पुसून द्यावी. उघडून बघते तर दगडांना ही माती. घेतले घासायला.

लेक : आई, त्यांच्यावर पांढरे ठिपके होते. ठिपक्यांवर नंबर होते.

आई : ते होय? जाता जात नव्हते मेले. शेवटी तारेच्या घासणीनं काढले.

लेक : संपलं सगळं.

आई : अगं, बघ तरी, कसे लख्ख निघालेत.

लेक : लख्ख कशाला हवेत? उद्या सर एकेक नंबर घेऊन विचारणार, हा दगड कोणता, कुठे सापडला. ज्या दोघांना नीट सांगता येईल, त्यांना सुट्टीत बोगद्याच्या कामावर नेणार. मुद्दाम केलंस ना?

आई : मुद्दाम?

लेक : मी जाऊ नये म्हणून.

आई : मुद्दाम करायचं असतं तर कंबर मोडेस्तोवर घासत बसले असते? दिले असते भिरकावून. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, ते तुझ्या तोंडावर सांगितलंय. मागून वार करायची सवय नाही मला.

लेक : चुकलं माझं. पण आई, यात एक कमी आहे.

आई : तो गेला.

लेक : गेला म्हणजे?

आई : गरम पाण्यात भिजत घातला होता. लिंबाएवढा होता, बोराएवढा झाला, मग तोही दिसेना. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालं. म्हणून बोलले नाही.

लेक : मीठ होतं ते. खाणीतलं.

आई : मग एवढं तोंड कशाला पाडतेस? डब्यात सैंधवाचा खडा आहे, घे तो.

लेक : चालेल की. पण बाकीचे?

आई : दोन वर्षं शिकतेस आणि नंबराशिवाय ओळखता येत नाहीत? मग आम्ही फी कशाची भरतो?

लेक : ओळखते. हा ग्रॅनाइट, हा वाळूचा दगड. हा बहुतेक मातीचा. थांब, जीभ लावून बघते. चिकटली तर मातीचाच.

आई : तोंडात घालू नकोस. संडास धुवायचं ऍसिड लावलंय त्याला.

लेक : ऍसिड?

आई : सगळ्यांना थेंब थेंब. नंतर धुतलेत चांगले. त्यातले दोन असे फसफसले, मी दोन पावलं मागे सरले.

लेक : कोणते दोन? आठव ना, आई.

आई : एक साखरेसारखा चमकत होता. दुसरा मळकट पांढरा, कितीही घासा, ढिम्म.

लेक : संगमरवर आणि चुनखडी. आम्ही कॉलेजात हेच करतो, चिमूटभर ऍसिड टाकून बघतो.

आई : चिमूटभर कसं? थेंबभर. आणि हा एक तरंगत होता, निर्लज्जासारखा. बुडवला की वर.

लेक : ज्वालामुखीचा तो. आता राहिले हे दोन काळे. हुबेहूब सारखे. एक नदीतला, एक खाणीतला. इथेच अडणार मी.

आई : या डावीकडच्याच्या खळग्यातून वाळू निघाली होती. टूथब्रशनं काढली.

लेक : म्हणजे नदीतला. तू वाचवलंस गं.

आई : आधी बुडवलं, मग वाचवलं. बरं, एक सांग. समोरच्या काकू विचारतात, पोरगी पुढे काय होणार? मी म्हणते, विज्ञानाचं काहीतरी, आणि भाजीचा विषय काढते.

लेक : आमच्या पुढची एक ताई गावांना विहिरी कुठे खणायच्या ते सांगते. एक दादा सिमेंटच्या कारखान्यात आहे. एक तर भर समुद्रात, तेलाच्या कामावर.

आई : शिकला दगड आणि जाऊन बसला पाण्यात. आणि तुझ्या बोगद्यात काय करायचं असतं?

लेक : सुरुंग उडाला, धूर गेला, सैल दगड पाडून झाले की आत जायचं. भेग कुठे आहे, पाणी कुठून झिरपतंय, ते बघायचं. बरोबर मोठे लोक असतात. त्यांनी ठीक म्हटलं की मग बाकीचे कामगार आत येतात.

आई : म्हणजे पुढे कधी तू ‘या’ म्हटलंस की माणसं आत शिरणार.

लेक : हो.

आई : आणि तू चुकलीस तर?

लेक : म्हणून तर शिकतेय ना, आई.

(आई डब्यातून सैंधवाचा खडा आणते. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज.)

आई : डोळे मीट.

लेक : का?

आई : मीट म्हटलं ना. एकेक हातात देते, ओळखायचा. अंदाजपंचे बोललीस तर पुन्हा पहिल्यापासून.

लेक : तुला भीती वाटते ना?

आई : वाटणारच. कालही वाटत होती, उद्याही वाटेल. हा कोणता?

लेक : जड आहे. खळगा आहे. नदीतला काळा.

आई : हं. आणि हा?

लेक : हा सैंधव. बोटं खारट लागतायत. उद्या परीक्षा झाली की परत आणून देते तुझा खडा.

आई : खड्याचं काय एवढं. त्या बोगद्यातून तू तेवढी परत येत जा.