शेपूट येईपर्यंत खांब हलत नाही

जबाब देणार: अपघातातील जखमीची थोरली बहीण. वय ५१ वर्षे. धंदा: गाड्यांच्या सीट शिवण्याचे दुकान. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला.

वरील पत्त्यावर मी माझा धाकटा भाऊ, भावजय व भाची यांच्यासह राहते. आज पोलीस ठाण्यात आपणहून येऊन सांगते की, या अपघाताबद्दल माझे याआधी दोनदा सांगून झाले आहे. एकदा रुग्णालयाच्या दारात उभ्या उभ्या आणि एकदा इथेच, तेव्हा वीज गेली व टाइप केलेले सगळे पुसले गेले. माझे दोन्ही वेळचे बोलणे वाऱ्यावर गेले आणि मोटरसायकल क्लबने लिहून दिलेले मात्र शब्दन् शब्द फाइलला लागले. म्हणून तिसऱ्यांदा सांगते. मध्येच चहाला उठू नये अशी विनंती आहे.

माझा भाऊ, वय ४३, शाळेची बस चालवतो. नाकासमोर चालणारा माणूस आहे. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबतो आणि गल्लीत गाडी लावताना इंडिकेटर देतो, यावरून आम्ही घरात त्याची टर उडवतो. त्याच्या पायात सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात, पाय चालेल. पण शाळेने कळवले आहे की, पोलिसांच्या कागदावर त्याचा निष्काळजीपणा आला तर बस पुन्हा त्याच्या हाती देता येणार नाही. तो दुसरे काही काम शिकलेला नाही आणि त्याला दुसरे काही करायचेही नाही.

विचारल्यावरून सांगते की, मी चालवत होते ती मोटरसायकल माझीच आहे. नवऱ्याची नाही, भावाचीही नाही. लायसन्स दोनदा दाखवले आहे, हे तिसऱ्यांदा. विचारल्यावरून हेही सांगते की, भावाच्या डोक्यावर हेल्मेट होते व पट्टा लावलेला होता. ते हेल्मेट जप्त करून तुमच्याच मागच्या खोलीत ठेवले आहे. उठून पाहिले तर दिसेल.

रविवारी सकाळी क्लबची मोठी रॅली होती. इतर गावांतले क्लबही आले होते, त्यामुळे पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ‘सुरक्षित चालवा’ हा रॅलीचा विषय होता व तसे फलक गाड्यांना लावले होते. निघण्यापूर्वी क्लबच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, नियम सांगितले. दोन-दोनच्या रांगेत पण अगदी शेजारी न येता, थोडे पुढे-मागे अंतर ठेवून चालायचे, पुढच्याला ओलांडायचे नाही, फोन बंद करून खिशात ठेवायचा.

वळणाचा नियम महत्त्वाचा असल्याने नीट लिहून घ्यावा. एवढ्या गाड्या असल्या की मागच्यांना पुढचे दिसत नाहीत. म्हणून जिथे रस्ता फुटतो तिथे कप्तान हाताने खूण करतो आणि त्याच्या लगेच मागचा स्वार बाजूला थांबतो. त्याला आम्ही खांब म्हणतो. येणाऱ्यांना कुठे वळायचे ते तो हाताने दाखवत राहतो. रांगेत सर्वांत शेवटी एक जाणता स्वार असतो, त्याच्या अंगात नारिंगी जॅकेट असते, त्याला शेपूट म्हणतात. कोणाची गाडी बंद पडली तर शेपटाने त्याच्याजवळ थांबायचे. शेपूट गेले म्हणजे मागे कोणी नाही, तेव्हाच खांबाने जागा सोडायची. त्याआधी हलायचे नाही, मग ऊन असो की पाऊस. हा नियम माझ्या भावाने काढलेला नाही. कप्तानने माईकवरून सांगितला व आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतला.

पुलाच्या फाट्यावर कप्तानने भावाला खूण केली. मी चार-पाच गाड्या मागे होते, मी स्वतः पाहिले. रॅली जिथे संपायची त्या मैदानाकडे जायला तिथे डावीकडे वळावे लागते. सरळ गेले की जुना पूल लागतो. दुरुस्तीसाठी त्याचा मधला भाग काढलेला आहे आणि रस्ता बंद असल्याचा फलक कोणीतरी गटारात ढकलला होता. भावाने गाडी डांबराच्या खाली, खडीवर लावली आणि गाडीपासून दूर, येणाऱ्यांना दिसेल असा उभा राहिला. मी वळताना त्याने मलाही हात दाखवला, जशी मी कोणी परकी.

मैदानावर सर्वांचा आकाशातून फोटो काढायचा होता. गाड्या लावून झाल्या, मंचावरून सर्व स्वार सुखरूप पोहोचल्याचे जाहीर झाले, टाळ्या झाल्या. मग सुरक्षित वाहन चालवण्याची शपथ घ्यायला सांगितले. मी हात वर केला आणि समोरच्या रांगेत नारिंगी जॅकेट दिसले. ते मीच शिवले आहे, त्यामुळे माझी चूक होणे शक्य नाही. शेपूट फोटोसाठी केस नीट करत होते. भाऊ आलेला नव्हता.

मी रांग मोडून शेपटाला विचारले. तो कप्तानचा मेहुणा आहे. तो म्हणाला की ड्रोन वर गेला, लवकर ये, असा निरोप आला म्हणून पेट्रोल पंपापासून त्याने बायपास धरला. म्हणजे तो फाट्यावरून गेलाच नाही. मी कप्तानकडे गेले. भावाचा फोन नियमाप्रमाणे बंद होता, तेव्हा कोणालातरी पाठवा असे म्हटले. कप्तान हसून म्हणाला, “ताई, तो काय लहान आहे? ऊन लागलं की येईल आपोआप.” मला इतका संताप आला की शपथ अर्धी टाकून मी गाडी काढली.

फाट्यावर पोहोचले तेव्हा भाऊ होता तिथेच उभा होता, घामाने निथळत. मी गाडी बाजूला लावून त्याला सगळे सांगितले व निघायला सांगितले.

तो म्हणाला, “ताई, ती पिवळी गाडी अजून गेली नाही. सकाळी पार्किंगमध्ये नवरा-बायको होते बघ.”

“शेपूट तिकडे फोटो काढतंय. तू कोणासाठी उभा आहेस?”

“शेपूट पोचलं असेल. ते दोघं नाही ना पोचले.”

त्याला बसमधली पोरे मोजायची सवय आहे. कोण आले यापेक्षा कोण आले नाही हे त्याच्या आधी लक्षात येते. मला तेव्हा त्याचे कौतुक वाटले नाही. मी त्याला गाढव म्हणाले. बाकीचे जेवायला बसले असतील आणि तू इथे रस्त्याचा रखवालदार होऊन बस, असेही म्हणाले. मग रागाने मैलाच्या दगडावर जाऊन बसले. तोंड त्याच्याकडेच होते, त्यामुळे पुढचे मला नीट दिसले.

थोड्या वेळाने एक पिकअप गाडी आली. तिच्या मागे पिवळी मोटरसायकल होती, नवरा चालवत होता, बायको मागे बसली होती. पिकअपच्या आडोशामुळे त्यांना भाऊ दिसत नसावा. त्यांनी वेग कमी केला नाही, इंडिकेटर दिला नाही, ते सरळ पुलाकडे निघाले होते. भावाने ओरडून हात वर केला आणि एक पाऊल पुढे टाकले. त्याच वेळी पिकअपची डावी चाके डांबराखाली उतरली व त्याला धडक बसली.

हो, त्याने एक पाऊल पुढे टाकले. ते खडीवर पडले की डांबरावर, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. क्लबच्या एका माणसाने मला काल दुकानात येऊन सुचवले की पावलाचा उल्लेख टाळला तर सगळ्यांच्याच सोयीचे होईल. मला सोय नको आहे. ते पाऊल लिहा. पण ते कशासाठी टाकले तेही त्याच ओळीत लिहा.

पिवळी गाडी तिथेच थांबली. त्या दोघांनी व पिकअपच्या चालकाने भावाला उचलायला मदत केली. चालक पळाला नाही, हेही नोंदवावे. त्या बाईने मला सांगितले की पंपाच्या अलीकडे त्यांचे चाक पंक्चर झाले, नारिंगी जॅकेटवाला थांबला, सरळ रस्ता आहे, या मागून, असे म्हणाला आणि निघून गेला. भाऊ शुद्धीवर होता. त्याने ते ऐकले आणि मला एवढेच विचारले, “यांच्या मागे अजून कोणी नाही ना?” मी नाही म्हणाले. मग त्याने डोळे मिटले.

क्लबने लिहून दिले आहे की, माझा भाऊ स्वतःच्या मर्जीने रस्त्यात रेंगाळला. शेपूट पोहोचले तेव्हा रॅली पूर्ण झाली होती, मागे कोणीही राहिलेले नव्हते, त्यामुळे त्याचे तिथे काही काम नव्हते. हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने नियम पाळला त्याच्या माथी खापर फोडायचे आणि ज्यांनी मोडला त्यांनी हात झटकायचे, हे मला मान्य नाही. त्याला कप्तानने उभे केले होते आणि तिथून जायला त्याला कोणीही सांगितलेले नव्हते. मी सोडून.

वर टाइप केलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच त्यात आहे, कमी नाही, जास्त नाही. फक्त शेवटी एवढे वाढवावे. मागे कोणीही राहिलेले नव्हते असे ज्यांच्याबद्दल क्लबने लिहिले आहे, ते नवरा-बायको सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसले आहेत. साक्षीदारांच्या यादीत नाव नाही म्हणून त्यांना दोनदा परत पाठवले आहे. त्यांना आत बोलवा. ते या खुर्चीवर बसले की मी सही करते.