फरक भाकरीचा

नवऱ्याच्या अंगकाठीवरून तुमचा स्वयंपाक कुणी जोखलाय कधी? मेहरूणला असताना आमचे हे आणि शेजारचा सुदाम रोज पहाटे बरोबरच तालमीत जायचे. सुदामचे दंड भरले, ह्यांचे तसेच काटकुळे. नळावर सगळ्यांदेखत त्याची बायको शोभा म्हणाली, "कसरत ते दोन्ही करतस, अक्का. फरक भाकरमा शे!"

माझा नुसता जळफळाट झाला. संध्याकाळी मी तिच्यासारख्याच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि ह्यांना आग्रह करकरून वाढल्या.

"अगं पुरे! ह्यानं काही दंड भरायचे नाहीत."

"का? शोभाची भाकरी वेगळी असते?"

"भाकरीचं काय त्यात? जोर सुदाम काढतो, मी नुसते मोजतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाने नळावर पुन्हा तेच ऐकवलं, आणि नवऱ्याची लाज राखायला मी मुकाट्याने हंडा भरला.