पोटरीवरचा डाग

मिस्त्री : ...उजवा. उजवाच दुखतो तिचा. जिना उतरताना जास्त, आणि बसून उठताना तर "आई गं" ठरलेलं. वाटी झिजलीय, दुसरं काय!

डॉक्टर : मिस्त्रीकाका, गुडघा काकूंचा आहे ना? मग त्यांना बोलू द्या की.

बायको : लग्न झाल्यापासून मला शिंक आली तरी हेच सांगतात सगळ्यांना.

मिस्त्री : बरं बाई, गप्प बसतो. पण डॉक्टर, एक्स-रे बघून खरं काय ते सांगून टाका. आमचं पुढचं सगळं त्यावर आहे. सायकलचं दुकान खाली, घर वर, मधे तो उभा जिना. मुलगा म्हणतो, आमच्याकडे या, तळमजला आहे. येतो म्हणून कळवलंय मी. महिनाअखेरीला दुकानाला कुलूप.

बायको : मला न विचारता.

मिस्त्री : तुझ्याच गुडघ्यासाठी ना!

डॉक्टर : कुलपाची एवढी घाई करू नका. काकू, पाय खाली सोडून बसा. इथे दाबलं तर?

बायको : काही नाही.

डॉक्टर : आणि इथे, वाटीच्या कडेला?

बायको : आई गं!

मिस्त्री : बघा! म्हटलं नव्हतं?

डॉक्टर : एक्स-रे छान आहे. झीज म्हणाल तर वयापुरती. सूज नाही, गुडघा पूर्ण वाकतोय. वाटीवर नुसता ताण पडतोय.

मिस्त्री : म्हणजे ऑपरेशन?

डॉक्टर : कसलं ऑपरेशन? साप साप म्हणून भुई धोपटत होतात तुम्ही! पण हा ताण येतोय कशाने? मांडी तर चांगली कमावलेली दिसते. काकू, हल्ली काही नवीन सुरू केलंय का?

बायको : मी? छे! स्वयंपाक, धुणं आणि यांची बडबड.

डॉक्टर : मग पोटरीवर हा काळा डाग कसला?

बायको : तो... तव्याचा असेल.

मिस्त्री : बघू? तव्याला दात असतात होय? अगं, हा चेनच्या दातेरी चाकाचा डाग! उजवी पोटरी, आतली बाजू. सायकलवर बसल्याशिवाय हा लागतच नाही कुणाला!

डॉक्टर : शाळेत असताना मी रोज घेऊन जायचे घरी हा डाग. आई साबण घेऊन मागे लागायची.

मिस्त्री : ती हिरवी सायकल! दुरुस्त करून ठेवलीय, गिऱ्हाईक न्यायलाच येत नाही, ती. तिच्या टायरला रोज माती. मला वाटायचं, मीच नीट पुसत नाही, डोळे गेले आपले!

बायको : दुपारी तुम्ही घोरायला लागलात की मी मागच्या बोळात.

मिस्त्री : अगं, पण ती शाळकरी पोरीची सायकल! सीट अगदी खाली. गुडघे हनुवटीला लागत असतील तुझे!

बायको : लागतात ना. पण सीटला हात लावला असता तर तुम्ही बघताक्षणी ओळखलं असतं.

डॉक्टर : सापडलं! सीट खाली, गुडघा सारखा दुमडलेला, सगळा भार वाटीवर. काकू, थोडे दिवस आराम, मी देते ते व्यायाम, आणि मग खुशाल चालवा. फक्त सीट वर करून. थांबा, व्यायामाचा कागद घेऊन येते.

(डॉक्टर शेजारच्या खोलीत जातात.)

मिस्त्री : मला सांगायचंस की! गावभरच्या पोरांना सायकल शिकवली मी.

बायको : सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. तुम्ही म्हणालात, "तुला कशाला? मी आहे ना न्यायला."

मिस्त्री : म्हणालो असेन.

बायको : म्हणालात. आणि इतक्या प्रेमाने म्हणालात, की पुन्हा विचारताच आलं नाही. आता तोंड पाडून बसू नका. मुलाला काय कळवायचं ते बोला.

मिस्त्री : सुट्टीत तुम्हीच या म्हणतो. तुझी आई जिना चढतेय, वर सायकलही हाणतेय. खरं सांगू? परवा कुलूप आणायला गेलो होतो. एकसुद्धा पसंत पडेना.

बायको : माहितीय. रिकाम्या पिशवीने आलात आणि मला म्हणालात, दुकानं बंद होती.

मिस्त्री : तुला नवी बांधून देतो. सीट कमरेच्या उंचीला. बघ, गुडघा कसा हसत चालतो.

बायको : तेवढ्या उंचीवर पाय टेकणार नाहीत माझे.

मिस्त्री : मी मागून धरतो ना.

बायको : पोरांना "सोडलं नाही, सोडलं नाही" म्हणत तुम्ही केव्हाच सोडलेलं असायचं.

मिस्त्री : ती युक्ती पोरांसाठी. तुला नाही सोडणार, शब्द देतो.

बायको : सोडा हो. मलाही सोडा.